मास्तरच्या मायचं नाव

टाकळखेडीत प्रभाकरराव भोयरांना सगळं गाव 'मास्तर' म्हणायचं, यात नवल काही नव्हतं. नवल हे, की त्यांची सख्खी आईसुद्धा त्यांना मास्तरच म्हणायची. "मास्तर, जेवाले बसा." "मास्तर, गाय सुटली." आणि तेही असं अहो-जाहो करून की हातातला घास हातातच राहायचा. चार वर्षं होत आली, जिजाबाईनं लेकाचं नाव म्हणून तोंडातून काढलं नव्हतं. आणि गावात कोणी तिला 'मास्तरची माय' म्हणून हाक मारली, तर म्हातारी दगडासारखी बसून राहायची. ऐकू चांगलं येत होतं तिला, त्याची काळजी नको.

कारण तसंच होतं. देशातली पहिली मोठी निवडणूक ठरली तेव्हा टाकळखेडीची मतदार यादी करायचं काम मास्तरांच्या गळ्यात पडलं. मास्तर मोठ्या ऐटीत दौत-टाक घेऊन निघाले. गड्यांची नावं भराभर लिहिली. बायांपाशी आलं की घोडं अडायचं. बाई दाराआड उभी. नाव विचारलं की पदर तोंडावर. नवऱ्याचं नाव विचारलं तर अंगावर पाल पडल्यासारखी आत पळायची, कारण नवऱ्याचं नाव बाईनं घ्यायचंच नाही, हे तिला तिच्या आईनं आणि आईला आजीनं शिकवलेलं. मास्तरांनी मग सोपा रस्ता काढला. 'कवडूची बायको.' 'नत्थूची माय.' 'गोमाजीची वहिनी.' लिहीत लिहीत स्वतःच्या दारापाशी आले, तेव्हा हातानं आपोआपच लिहिलं, 'प्रभाकर मास्तरची आई'. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट आदरच वाटला. आईचं नाव कोणी असं उघड्यावर लिहितं का?

पुढं वरून हुकूम आला की अशी बिननावाची नावं छाटून टाका. छाटली. मास्तरांना ते कळलं तेव्हा दुरुस्तीची मुदत निघून गेली होती, आणि घरी सांगायचा धीर त्यांना झाला नाही. हा त्यांचा दुसरा गुन्हा, आणि माझ्या मते पहिल्यापेक्षा मोठा.

मतदानाच्या दिवशी जिजाबाई पहाटे न्हाली, ठेवणीतलं लुगडं नेसली, फडक्यात भाकर बांधली आणि गावच्या बायांबरोबर वडनेरला निघाली. तीन कोस पायी. तिथल्या साहेबानं यादी वरून खाली पाहिली, खालून वर पाहिली आणि म्हणाला, "माय, तुमचं नाव नाही यात." सगळ्या बाया तशाच परत आल्या. भाकर बांधलेलीच होती. दारात पाय ठेवून जिजाबाईनं एवढंच विचारलं, "माहं नाव तुले माईत नव्हतं का रे?"

मास्तरांनी पाण्याचा तांब्या पुढं केला.

"ठीक हाय. तू माहं नाव नाई लिव्हलं, मंग मीबी तुहं घेत नाई. फिटंफाट झाली, मास्तर."

तेव्हापासून ते 'मास्तर' सुरू झालं ते झालंच.

मधल्या काळात टाकळखेडीची शाळा बुनियादी झाली, म्हणजे हातानं काम करत शिकायची. वर्ध्याकडून शिकून आलेल्या सुधाताई नावाच्या तरुण बाई शाळेवर रुजू झाल्या आणि मास्तरांच्या शाळेचं पार रूपच बदललं. सकाळी झाडू, मग टकळी, मग पुस्तक. आठवड्यातून एकदा मुलांची आमसभा. सभेत मंत्री. सफाईमंत्री, पाणीमंत्री, आरोग्यमंत्री. काल नाक पुसता येत नव्हतं ती पोट्टी आज मंत्री! मास्तरांना हे सगळं म्हणजे पोरखेळ वाटायचा. "शाळेत टकळ्याच फिरवाच्या तं पाढे का विहिरीवर म्हणाचे?" असं ते पारावर बोलायचे, आणि पारावरची मंडळी माना डोलवायची.

त्यातही त्यांचा खरा राग भिंतीवरच्या एका शब्दावर. सुधाताईंनी मुलांकडून गेरूनं तिथं मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं होतं: कशावरून? सभेचा नियमच होता. कोणी काही सांगितलं की दुसऱ्यानं हा प्रश्न विचारायचा, आणि विचारलेल्यानं चिडायचं नाही. एकदा मास्तर वर्गात म्हणून गेले, "आपल्या गावात आठ विहिरी आहेत." तर कवडूची वेणू, सातवीतली, उभी राहून म्हणते, "कशावरून, गुरुजी? मोजल्या का?" जुना काळ असता तर छडी वाजली असती. पण सुधाताई दारात उभ्या. झालं, पोरं विहिरी मोजायला गेली. भरल्या नऊ. एक गोमाजीच्या वावरात, बोरीच्या झुडपाआड, आणि तिला कठडाच नव्हता. पुढच्या आठवड्यात पोरांनी गोमाजीच्या मागं लागून तिथं काट्याचं कुंपण घालून घेतलं. त्या रात्री मास्तरांना जेवण गेलं नाही, कारण गेल्याच महिन्यात त्यांचा धाकटा पोरगा त्या वावरात पतंगामागं धावला होता.

छप्पन साल उजाडलं आणि तहसिलीतून कागद आला. नवी यादी करा. शुक्रवारी दुपारी पटवारी येईल, त्याच्या हाती द्या. उशीर चालणार नाही. काम पुन्हा मास्तरांवरच. कागद हातात घेतला आणि त्यांना घाम फुटला. थंडीचे दिवस होते, तरी फुटला. आई सत्तरीला टेकलेली. गेल्या पावसाळ्यात ताप आला तेव्हा आठ दिवस डोळा उघडला नव्हता. तिच्या वाट्याला आणखी किती निवडणुका? ह्या खेपेला चूक झाली तर ती दुरुस्त करायला म्हातारी असेल-नसेल.

संध्याकाळी ते चुलीपाशी जाऊन बसले. "आई, यादी पुन्हा व्हायची आहे. तुझं नाव सगळ्यात आधी लिहितो."

जिजाबाई भाकर थापत होती. थापता थापताच म्हणाली, "मास्तर, त्या दिवशी मी एकली वापस नाई आली. माह्यासंगं साऱ्या बाया वापस आल्या. पयले त्याईचे नावं लिव्हा. साऱ्याईचं झालं की मंग माहं लिव्हजा. माहं एकलीचं लिव्हसान तं मी जाणार नाई, सांगून ठेवतो."

आता आली का पंचाईत! बाया मास्तरांना नावं सांगणार नाहीत, आणि बायांची नावं आल्याशिवाय आईचं लिहिता येणार नाही. मास्तर दोन दिवस गावात फिरले आणि अकरा नावं घेऊन परतले. शेवटी नाक मुठीत धरून सुधाताईंकडे गेले.

सुधाताई म्हणाल्या, "सभेपुढं ठेवा."

"सरकारी काम आहे, बाई. पोरांच्या हाती द्यायचं?"

"लिहा तुम्हीच, सही तुमचीच. नुसतं विचारून आणू द्या त्यांना. घरात त्यांना कोण अडवणार आहे?"

सभेत मास्तरांनी अडचण सांगितली. अडचण म्हणजे स्वतःची चूक सोडून बाकी सगळी. पोरांनी डोकं खाजवलं. मग पोरी आपसांत कुजबुजल्या आणि वेणू उठली. "गुरुजी, बाया नवऱ्याचं नाव घेत नाईत म्हणता. पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाले तं घेतेत! उखाण्यात घेतेत. शाळेत हळदीकुंकू करू. त्या नवऱ्याचं नाव घेतीन, आमी लिव्हू. बायाईचे नावं तं आमाले माईतच हायेत."

मास्तर पाहतच राहिले. चाळीस वर्षं ते उखाणे ऐकत आले होते, पण हे काही त्यांच्या टाळक्यात शिरलं नव्हतं.

तरी एकानं विचारलं, "नाव कोणतं लिव्हाचं? माह्या मायचं माहेरचं नाव येगळं हाय, इकडचं येगळं." त्यावर अर्धा तास भांडण. शेवटी ठरलं, की ज्या नावानं हाक मारल्यावर बाई 'ओ' देते ते. आणि हेही ठरलं की बायांना आधीच सांगायचं, ही नावं मतदार यादीत जाणार आहेत. फसवून कोणाचं नाव आणायचं नाही. हे सांगणारा नत्थूचा पोरगा होता, जो मागच्याच आठवड्यात पेरू चोरताना धरला गेला होता. असू द्या. माणूस सुधारतो.

हळदीकुंकू असं झालं की विचारू नका. शाळेच्या अंगणात बायांची गर्दी, तीळगूळ, हसणं. नत्थूच्या बायकोनं लाजत लाजत सुरुवात केली:

"कपाशीच्या वावरात चांदण्यावानी बोंडं,
नत्थूरावाचं नाव घेतो, करा आता गोड तोंडं!"

बाजूला बसलेल्या पोरीनं लगेच खाली मान घालून लिहिलं. मग काय, एकीपेक्षा एक सरस. मास्तर कुडाच्या पलीकडे, कोणाला दिसणार नाहीत असे बसून, पोरींनी आणून दिलेल्या चिठ्ठ्या यादीत उतरवत होते. सूर्य मावळला तेव्हा त्र्याण्णव नावं झाली होती. त्र्याण्णव! मागच्या खेपेला एकही धड नव्हतं. मास्तरांच्या छातीवरचा धोंडा उतरला. घरी जाऊन त्यांनी अंथरुणावर पडलेल्या आईपुढं यादी धरली. "आई, झालं बघ. साऱ्या गावाचं झालं. आता तुझं लिहू?"

जिजाबाईला वाचता येत नव्हतं. तिनं कागदाकडे पाहिलं, लेकाकडे पाहिलं. "साऱ्याईचं झालं?"

"साऱ्यांचं."

"हं," म्हणाली आणि कूस बदलून झोपली. मास्तरांना वाटलं, म्हातारी दमली असेल. उद्या लिहू.

उद्या म्हणजे गुरुवार. सकाळी पुन्हा भरवलेल्या सभेत मास्तर पहिल्यांदाच स्वतःहून उभे राहिले. पोरांचं कौतुक केलं, अगदी मनापासून केलं, आणि म्हणाले, "गावातल्या सगळ्या बायांची नावं यादीत आली."

मागच्या रांगेतून आवाज आला. "कशावरून, गुरुजी?"

वेणूच ती. आरोग्यमंत्री. तिच्या हातात एक मळका कागद होता. हिवतापाच्या फवारणीवाले आले होते तेव्हा तिनं गावातल्या घरांचा नकाशा काढला होता, कोणत्या घरात किती माणसं झोपतात ते मांडून. "म्या रात्री मोजल्या. मोठ्या बाया एकशे बारा हायेत. नावं त्र्याण्णव. एकोणीस कमी पडून राह्यल्या. माही गंगाआत्याबी नाई यात. ती तं आमच्याच घरी राह्यते."

"मग काल ती आली का नाही?" मास्तर जरा तुटकच बोलले.

वेणूनं त्यांच्याकडे असं पाहिलं, की मोठ्या माणसाला एवढंही कळू नये. "आत्याले हळदीकुंकवाले कोण बोलावते, गुरुजी? तिचा नवरा मेला ना."

मास्तर यादी उघडून खाली बसले. गावातल्या एकूण एक विधवा बायका यादीतून गळाल्या होत्या, आणि कोणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. त्यांचे वडील जाऊन वीस वर्षं झाली होती. वीस वर्षांत त्यांच्या आईला कोणी हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं. कालही नव्हतं. ती घरी बसून, शाळेतून येणारं हसणं ऐकत होती. आणि रात्री ते तिला सांगायला गेले, साऱ्या गावाचं झालं! ते 'हं' आत्ता त्यांच्या काळजात उतरलं.

आणि तेव्हा मास्तरांनी ती गोष्ट केली, जी त्यांना चार वर्षांत जमली नव्हती. उभे राहून पोरांपुढं म्हणाले, "चूक माझी आहे. मागची यादीही मीच बिघडवली होती. माझ्या आईचंसुद्धा नाव माझ्यामुळं छाटलं गेलं. आता उद्या दुपारपर्यंत वेळ आहे. काय करायचं ते तुम्ही सांगा."

कोणी हसलं नाही. नत्थूचा पोरगा म्हणाला, "त्याईले शाळेत बोलवू. हळदीकुंकवाले नाई, कामाले. आपलं सूत तुटते. बुढ्या बायाईवानी कोणाले कातता येते?"

"अन् सुताच्या गुंडीले नावाची चिठ्ठी तं लागतेच," वेणू म्हणाली. हे खरं होतं. शाळेचा नियमच होता, की ज्यानं सूत कातलं त्याचं नाव गुंडीवर पाहिजे. बिननावाची गुंडी कोठीत जायची नाही.

पोरं घरोघर पांगली. चुलीमागून, गोठ्यातून, मागच्या पडवीतून त्यांनी त्या बाया शोधून काढल्या. आधी कोणी येईना. "आमचं काय काम, बाप्पा, तिथं?" मग एक आली, तिला पाहून दुसरी. रानाच्या कडेला राहणारी बायजाही आली. गाव तिला नुसतं 'गोंडीण' म्हणायचं. तिचं काही नाव असेल आणि ते विचारावं, हे कोणाला कधी सुचलंच नव्हतं. तिनं टकळी हातात घेतली, पोरांचं सूत पाहिलं आणि म्हणाली, "हे सूत हाय का बैल बांधाचा दोर?" सगळी शाळा हसली.

नवऱ्याचं नाव विचारल्यावर पुन्हा सगळ्यांचे पदर तोंडावर. एक बायजा मात्र मोठ्यानं म्हणाली, "मंगरू! जाऊन बारा वर्सं झाली त्याले. आता कायची लाज?" गंगाआत्या उठून घरी गेली आणि पदराखाली झाकून एक पितळेचा गडू घेऊन आली. लग्नातला गडू. त्याच्या काठावर नवऱ्याचं नाव कोरलेलं होतं. तो तिनं वेणूपुढं ठेवला. "वाच," म्हणाली. वेणूनं वाचलं, लिहिलं आणि गडू दोन्ही हातांनी आत्याला परत दिला. मग बाकीच्याही उठल्या. कोणी परात आणली, कोणी लोटा. ज्यांच्याकडे भांडंही उरलं नव्हतं, त्यांचं शेजारणींनी सांगितलं. अठरा नावं झाली.

एकोणिसावी दारात उभी होती. जिजाबाई. कोणी बोलवायला गेलं होतं की आपणहून आली, देव जाणे. बायांच्या रांगेत येऊन बसली, टकळी फिरवली आणि वेणूनं विचारायच्या आधीच खणखणीत आवाजात म्हणाली, "लिव्ह. जिजाबाई. नवऱ्याचं नाव मास्तर सांगतीन, त्याईले माईत हाय."

मास्तरांनी टाक उचलला. त्यांनी अगदी सावकाश, पहिलीच्या पोराला कित्ता घालून द्यावा तसं लिहिलं. जिजाबाई लक्ष्मण भोयर. शुक्रवारी पटवारी आला आणि एकशे बारा नावं घेऊन गेला.

पण मास्तर दुधानं पोळलेले. यादी गेली म्हणजे छापून येईल कशावरून? होय, हा शब्द आता त्यांच्याही जिभेवर बसला होता. वर्षभर त्यांच्या जिवाला घोर. त्यातच आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला. बसल्या जागी राज्य बदललं! म्हणजे कागद कुठल्या कुठं गेले असतील, या विचारानं मास्तर आणखीच वाळले. छापील यादी चावडीवर लागायच्या दिवशी पोरांनी एक एक नाव आपल्या कागदाशी ताडून पाहिलं. एकशे बारा. मास्तरांनी स्वतः तीनदा पाहिलं. तरी भरवसा नव्हता. मागच्या खेपेलाही छातीठोकपणे पाठवलीच होती की.

सत्तावन सालच्या मतदानाला जिजाबाई पुन्हा पहाटे न्हाली. तेच लुगडं. तशीच फडक्यात भाकर. ह्या खेपेला चालवत नव्हतं, म्हणून गोमाजीच्या बैलांच्या दमणीत बसली, शेजारी बायजा आणि गंगा. मास्तर दमणीमागं चालत होते. वडनेरला बायांची रांग लागली. मास्तरांना आत जायची परवानगी नव्हती. ते खिडकीखाली उभे राहिले आणि कान टवकारून ऐकू लागले.

"नाव?" आतून साहेबाचा आवाज आला.

"बायजा." पानं उलटल्याची सळसळ. "नवऱ्याचं नाव मंगरू. बरोबर. पुढं व्हा."

"नाव?"

"गंगा." पुन्हा सळसळ. "पुढं व्हा."

"नाव?"

"जिजाबाई."

सळसळ. मग काहीच नाही. पान पुन्हा मागं उलटल्यासारखं वाटलं. मास्तरांनी खिडकीचा गज धरला. विठ्ठला, पांडुरंगा, ह्या खेपेला नको. मलेरियानं ने मला, पण ह्या खेपेला नको.

"जिजाबाई लक्ष्मण भोयर," साहेब वाचत म्हणाला. "टाकळखेडी. बोट पुढं करा, माय."

मास्तर तिथंच भिंतीला पाठ टेकून बसले. धोतराला चुना लागला, लागू दे. पाच वर्षांचं ओझं एकदम उतरलं होतं. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचेना. रांगेतल्या बाया त्यांच्याकडे पाहून एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या.

थोड्या वेळानं जिजाबाई बाहेर आली. शाईचं बोट पदराला लागू नये म्हणून तिनं हात दूर धरला होता. लेकाला जमिनीवर बसलेलं पाहून थबकली. त्याच्या धोतराकडे पाहिलं, तोंडाकडे पाहिलं. मग खाली वाकून, चांगल्या हातानं, त्याच्या धोतरावरचा चुना झटकला.

"ऊठ, पभाकर," ती म्हणाली. "भाकर खाऊन घेऊ. भूक लागली असंन तुले."